हिरवा आवाज

आमच्या तालुक्याच्या यशवर्धन माध्यमिक विद्यालयात सबंध वर्षभर एकही मूल दुःखी झालं नाही. थट्टा करत नाही. जिल्ह्याने तसं प्रशस्तिपत्र दिलं होतं आणि मुख्याध्यापक शिरतोडे सरांनी ते चौकटीत घालून दारासमोर असं लावलं होतं की येणाऱ्याचं नाक त्यावर आपटावं. नववी-दहावीची पोरं, परीक्षा डोक्यावर, निम्म्यांचे बाप परमुलखात, आणि दुःख औषधालासुद्धा नाही. पंधरा वर्षांचं मूल ज्याने एकदा जवळून पाहिलंय, त्याला हे वाचून धडकीच भरायला हवी होती. गावाने पेढे वाटले.

बाप परमुलखात म्हणजे गलाईच्या धंद्यात. विट्याकडची माणसं पिढ्यान् पिढ्या सोनं गाळायला देशभर जातात. सराफांच्या गल्लीत खोली घ्यायची, भट्टी लावायची, जुन्या दागिन्यांची मोड वितळवून शुद्ध सोनं काढून द्यायचं. कुणी कोईमतूरला, कुणी अमृतसरला. पोरांना बाप दिसतो जत्रेला आणि दिवाळीला. एरवी तो फोनमध्ये राहतो. फोनवर काय बोलायचं हे इथल्या पोरांना बोलता येऊ लागल्यापासून ठाऊक असतं. अभ्यास चाललाय, जेवलो, सगळं बरंय. लांबच्या माणसाला काळजी लावायची नाही.

अशा शाळेत ‘स्वरवेध’ नावाचं यंत्र आलं. ते आलं चांगल्या हेतूने आणि सुरुवातीला त्याने कामही चांगलं केलं, हे आधी कबूल केलं पाहिजे.

मृणाल ओंबासे नावाची तरुण समुपदेशक यंत्राबरोबरच शाळेत नेमली गेली होती. पहिल्या दिवशी तिने शिक्षकांना समजावून सांगितलं. आपल्या मेंदूतून व्हेगस नावाची एक लांबच लांब नस निघते. ती गळ्यातून जाते, हृदयाशी जाते, पोटापर्यंत पोचते. स्वरयंत्र हलवणाऱ्या बारीक फांद्या तिच्याच. त्यामुळे आतून माणूस खचायला लागला की आवाजाच्या पडद्यांच्या कंपनात फरक पडतो. चढउतार कमी होतात. दोन शब्दांमधली जागा केसभर वाढते. हे आपल्या कानाला कळत नाही, पण यंत्राला कळतं, आणि माणसाला स्वतःला कळायच्या कितीतरी आधी कळतं.

“पण दोनशे पोरं एकदम ओरडत असताना एकेकाचं कसं कळणार?” शिरतोडे सरांनी विचारलं.

“परिपाठाच्या मैदानावर खांबाखांबावर माइक बसवलेत, सर. कुठल्या माइकला आवाज किती आधी पोचला, त्यावरून यंत्र एकेक गळा वेगळा काढतं. आणि ते एका मुलाची दुसऱ्याशी तुलना करत नाही. त्या मुलाचा आजचा आवाज त्याच्याच कालच्या आवाजाशी लावून बघतं.”

रोज सकाळी परिपाठ होई, प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, आणि तो संपेपर्यंत सरांच्या टॅबवर प्रत्येक नावापुढे दिवा लागलेला असे. हिरवा म्हणजे ठीक. पिवळा म्हणजे मृणालने बोलायचं. तांबडा लागला तर पालकांना कळवायचं, तसा नियमच होता. पहिल्याच सहामाहीत आठवीतला एक मुलगा पिवळा झाला. वर्गात सगळ्यांत जास्त दंगा करणारा पोरगा. कुणाला स्वप्नातही शंका आली नसती. मृणालने त्याला बोलतं केलं तेव्हा तो मैदानातल्या पाण्याच्या टाकीला टेकून तासभर रडला, आणि महिन्याभरात खरोखरचा दंगा करायला लागला. हे विसरता कामा नये.

मग नववीतली प्रेरणा हसबे तांबडी झाली.

नियमाप्रमाणे घरी कळवलं. बाप त्रिचूरला होता, म्हणून चुलता आला. धिप्पाड माणूस, पायात करकरणाऱ्या वहाणा. मृणालने त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, आजार म्हणजे काय ते समजावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं.

“म्हंजे डोस्क्याचं हाय.”

“तसं नाही काका. ताप येतो ना, तसंच...”

“मॅडम, तुमी शिकलेल्या हाय. उद्या पोरीला बगाय कोन येईल, त्याला तुमी ह्ये तापाचं सांगाय येनार हाय का?” तो उठला. “अजून धाकट्या दोगी हायत आमच्यात. त्यांच्या बी गळ्यात ही घंटा कशापायी?”

दुसऱ्या दिवसापासून प्रेरणा शाळेत आली नाही. तिला आधी कुठल्याशा देवऋषाकडे नेलं, मग आजोळी पाठवलं, आणि मग तिच्याबद्दल कुणी बोलेनासं झालं. तिचा बाक रिकामा राहिला. त्या वर्गाची वर्गशिक्षिका हर्षदा बाबर रोज हजेरी घेताना त्या नावाशी अडखळायची.

हर्षदा मराठी शिकवायची, पण तालुका तिला ओळखत होता तो वक्तृत्व स्पर्धांमुळे. शाळेच्या कपाटातल्या ढाली आणि चषक तिच्या पोरांनी आणलेले. मुखदुर्बळ पोराकडून महिन्यात भाषण करवून घ्यायची बाई! श्वास पोटातून घ्या. वाक्य संपताना आवाज खाली पडू देऊ नका. बोलताना गालात हसा, हसू कानाला ऐकू येतं. कुठे थांबायचं, कुठे गहिवरायचं, सगळं ती पोरांच्या गळ्यात बसवायची. सगळ्यांत आधी तिने शिकवलं ते पोटच्या पोरीला. ईश्वरी चार वर्षांची असताना बालवाडीच्या मंचावर उभी राहून जे बोलली, त्याची गावात अजून आठवण काढतात.

प्रेरणाच्याच बाकावरची मुलगी पुढच्या सत्रात पिवळी झाली. ती हर्षदाच्या मागे मागे शिक्षकखोलीच्या दारापर्यंत आली.

“बाई, तांबडी झाले तर मला बी काढतील. मी बरी हाय, बाई. यंत्राला सांगा की.”

यंत्राला कसं सांगायचं ते हर्षदाला पक्कं माहीत होतं. तिने त्या पोरीला मधल्या सुट्टीत ग्रंथालयात बसवलं आणि आठवडाभर प्रार्थना म्हणायला शिकवली. श्वास, चढउतार, गालातलं हसू. सोमवारी दिवा हिरवा झाला. हर्षदाला इतका आनंद झाला की ती घरी जाताना जिलेबी घेऊन गेली. एक मूल वाचवलं असंच तिला मनापासून वाटलं, आणि त्या क्षणी तिच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तर आपल्यालाही तेच वाटलं असतं.

अशा गोष्टी झाकून राहत नाहीत. दुसरी आली, तिसरा आला. मग पालक यायला लागले. मग शिरतोडे सरांनी स्वतःच बोलावून सांगितलं, “बाबर मॅडम, पहिल्या तासाआधी सगळ्यांचीच स्वरसाधना घ्या. पोरांचं उच्चारणही सुधारेल.” तपासणी येणार म्हटल्यावर फळे रंगवणारी, साहेबांच्या प्रश्नांची उत्तरं आधीच पाठ करून घेणारी आमची शाळा. आवाज रंगवायला तिला कितीसं जड जाणार?

मृणालला कळलं तेव्हा ती चिडून ग्रंथालयात आली.

“मॅडम, ताप आलेल्या पोराचा थर्मामीटर तुम्ही गार पाण्यात बुडवताय.”

“आणि ताप कळल्यावर पोराला घराबाहेर काढत असतील तर? प्रेरणा कुठाय, मृणाल? सांग ना. तुझ्या यंत्राने सांगितलं, नियमाने कळवलं, सगळं बरोबर झालं. पोरगी कुठाय?”

मृणालचे डोळे भरले. ती म्हणाली, “एक गोष्ट समजून घ्या. यंत्र त्या मुलाच्या जुन्या आवाजावरून शिकतं. रोज शिकवलेला आवाज ऐकला की काही महिन्यांनी तोच त्याला खरा वाटायला लागतो. मग मूल आत कितीही बुडालं तरी यंत्राला दिसणार नाही. आणि माझी भीती यंत्राची नाहीच. माणसाचंही तसंच होतं.”

“म्हणजे?”

“रोज ज्या आवाजात बोलाल, तो गळ्यात बसतो. या वयात तर बसतोच. तुमच्याहून चांगलं हे कुणाला माहीत असणार?”

हर्षदाने ते ऐकलं आणि सोडून दिलं. पुढचं सबंध वर्ष शाळेत पिवळा दिवाच लागला नाही, म्हणून जूनमध्ये समुपदेशकाचं पद दुसऱ्या जिल्ह्यात हलवलं गेलं. मृणाल गेली आणि प्रशस्तिपत्र आलं.

ईश्वरी तेव्हा दहावीत होती. परिपाठ तीच घ्यायची. मंचावरून तिचा पहिला शब्द आला की सबंध मैदान तिच्या सुरात सूर मिळवायचं, आणि टॅबवर एका रांगेत हिरवे दिवे लागत जायचे. घरी ती आधीपासूनच शहाणी मुलगी. मागितलं नाही, रुसली नाही, कधी उलट बोलली नाही. हल्ली जेवण कमी झालं होतं. दुपारी खोलीत पडून असायची.

“ईशू, काय होतंय गं?”

“काही नाही आई, अभ्यासाचा जरा ताण आहे. बाकी मस्त!”

इतकं स्वच्छ, इतकं प्रसन्न म्हणायची की विचारणाऱ्याचंच मन हलकं व्हावं. दहावीचं वर्ष, चालायचंच, असं म्हणून हर्षदा कामाला लागायची.

पौषात एका संध्याकाळी धैर्यशीलचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, कोईमतूरहून फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर तो हसत म्हणाला, “पोरगी कुठल्या स्पर्धेला उतरलीय यंदा?”

“दहावीच्या मुलांना नाही पाठवत आम्ही. का हो?”

“मग नाटक असंल. परवा फोनवर म्हणून दाखवलं तिनं मला. ‘बाबा, मला जगावंसं वाटत नाही.’ काय बोलली गं पोरगी! अंगावर काटा आला. मी शेजारच्या गाळ्यातल्या दोघांना स्पीकरवर ऐकवलं. म्हटलं, परत म्हण. परत तस्संच म्हणाली. बक्षीस आपलंच बघ.”

हर्षदाने गॅस बंद केला. त्याला काय उत्तर दिलं ते तिला आठवत नाही. ती खोलीत गेली. ईश्वरी पुस्तक पुढ्यात घेऊन बसली होती.

“तू बाबांना काय म्हणालीस?”

ईश्वरीने मान वर केली. चेहरा शांत होता. “मला जगावंसं वाटत नाही, असं म्हणाले.” पोटातून श्वास, शेवटच्या शब्दाला सुरेख उचल, गालात हसू. “खरंच म्हणाले, आई. वर्गातही सांगितलं दोघी-तिघींना. त्यांनी टाळ्या वाजवल्या.”

“ईशू, नीट सांग. चेष्टा करू नकोस.”

“नीटच सांगतेय. मला दुसरं येत नाही आता.” क्षणभर तिच्या डोळ्यांत काहीतरी धडपडलं, आवाजात मात्र काहीच नाही. “रडायचा प्रयत्न केला, तर तेपण छान येतं.”

हर्षदाने तिला कवटाळलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या आवाजातला खरेपणा जोखणारी ही बाई, पोटच्या पोरीचं वाक्य कानात घेऊन बसली होती आणि तिला कळत नव्हतं की हे खरं आहे की म्हटलेलं आहे. शब्द खरे मानावेत तर कान साक्ष देईना. कान खरा मानावा तर पोरगी हातची जाईल.

सकाळी ती सगळ्यांच्या आधी शाळेत गेली आणि परिपाठ होताच सरांचा टॅब ओढून घेतला. ईश्वरी धैर्यशील बाबर, हिरवा. शाळेतला सर्वांत स्थिर आवाज, असंही खाली आलं होतं. तिने मृणालला फोन लावला.

“मॅडम, तिचा न शिकवलेला आवाज आहे का कुठे? एखादी जुनी चित्रफीत? भांडतानाची, झोपेतली, कसलीही. मी इथून लावून बघते.”

हर्षदाने फोन धुंडाळला. बालवाडीतलं भाषण, स्पर्धा, बक्षीस समारंभ. वाढदिवसाला केक कापताना बाबांना उद्देशून दोन शब्द. आजारी असताना पलंगावरून बाबांना ‘मी बरी आहे’. पोरीचा असा एक शब्द सापडेना जो तिने स्वतः बसवून घेतला नव्हता.

“नाहीये गं,” ती म्हणाली. “एकही नाहीये.”

मृणाल म्हणाली, “मग यंत्र सोडा. ती म्हणतेय ते खरं धरा आणि आजच्या आज सांगलीला घेऊन जा. तिला क्षणभरही एकटी सोडू नका.”

सांगलीच्या मोठ्या रुग्णालयात मानसोपचाराच्या खिडकीशीच स्वरवेध बसवलेलं होतं. गर्दी अफाट, डॉक्टर मोजके, म्हणून आधी आवाज द्यायचा. जुना आवाज नोंदीत असला तर यंत्र त्याच्याशी लावून बघायचं, नसला तर चारचौघांच्या आवाजाशी. तांबड्याला लगेच आत, पिवळ्याला आठवड्यात, हिरव्याला परत घरी. खाजगी डॉक्टरांकडे जावं तर तिथेही विम्याला हेच यंत्र लागायचं. ईश्वरी पुढे झाली. नाव सांगितलं, गाव सांगितलं, आणि काय त्रास होतो ते एका वाक्यात सांगितलं. रांगेतल्या दोन बायका वळून कौतुकाने बघायला लागल्या.

दिवा हिरवा.

खिडकीतला माणूस वैतागला. “अहो ताई, परीक्षा आली की पोरं अशी करतात. घरी न्या. पुढचे या.”

“नाही, तुम्ही ऐका... तिचा आवाज... मी शिकवलाय तो, तिचा नाहीये, ती खरंच... अहो, मरेल ती, माझी पोरगी...” हर्षदाचं वाक्य धड होईना. श्वास लागला. जिभेला शब्द अडकू लागले. आवाज चिरकला, बसला, पुन्हा चिरकला. जन्मात कधी ती अशी बोलली नव्हती.

दिवा तांबडा झाला.

खिडकीतला माणूस एकदम मऊ झाला. बाहेर येऊन त्याने तिला खुर्ची दिली. परिचारिका धावत आली, पाणी पाजलं, पाठीवरून हात फिरवला. “चला ताई, आत डॉक्टर बघतील तुम्हाला. घाबरू नका.”

“पेशंट ती आहे!”

“हो, हो.” परिचारिकेने ईश्वरीकडे पाहिलं. “बाळ, आईला असं कधीपासून होतंय?”

“आईला काही झालेलं नाही. पेशंट मी आहे,” ईश्वरी म्हणाली, स्पष्ट आणि गोड.

“किती समजूतदार आहे हो मुलगी तुमची.”

हर्षदाने ईश्वरीचं मनगट सोडलं नाही, म्हणून दोघींना आत घेतलं. डॉक्टर प्रौढ होते, थकलेले, आणि भले होते. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. शाळा, स्वरसाधना, फोन. मग पडदा तिच्याकडे वळवून दोन दिवे दाखवले. “ताई, मुलगी ठणठणीत आहे. तिच्या जिवाची सारखी भीती वाटणं, तिचं बोलणं खोटं वाटणं, हे तुमच्या आजाराचंच लक्षण आहे. मी तुमच्याशी बोलतोय आता. तुम्हाला काय होतं, ते सांगा.”

पडद्यावर तांबडा दिवा होता. या इमारतीत तोच एक ऐकला जात होता. हर्षदा ईश्वरीकडे वळली.

“तू सांग. हळू सांग. मी म्हणते.”

ईश्वरीला कळलं. ती आईच्या कानाशी वाकली.

“मला जगावंसं वाटत नाही,” हर्षदा म्हणाली. फुटक्या, चिरक्या आवाजात. डॉक्टरांनी पेन उचललं.

ईश्वरीने पुढचं सांगितलं.

“सकाळी जाग आली की... वाईट वाटतं, की जाग आली.”

डॉक्टर लिहीत होते. वर हर्षदाचं नाव होतं. औषध तिलाच मिळणार होतं, खाटही तिलाच. ते तिला दिसत होतं. पण कुणीतरी हे ऐकून मान हलवत होतं, पोरीचं दुःख पहिल्यांदाच कुणाच्या तरी कानात शिरत होतं, आणि तिला थांबता येईना.

“मैत्रिणी हसल्या की मीपण हसते. ते हसणं मला लांबून ऐकू येतं. कुणाचा राग नाही मला. फक्त... नसायचंय.”

एकेक वाक्य तिच्या तोंडून बाहेर पडताना तिलाही पहिल्यांदाच कळत होतं. पोरीने इतके दिवस काय वाहिलं ते तिला स्वतःच्या गळ्यात जाणवत होतं, आणि ते सहन होत नव्हतं.

“कुणाला सांगितलं होतं का हे?” डॉक्टरांनी विचारलं.

ईश्वरी कानाशी वाकली. हर्षदाने तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. पोरीने कानात सांगितलं होतं, ‘आईला सांगितलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत. आई म्हणाली, छान आहे, पण श्वास पोटातून घे आणि परत म्हण.’

हर्षदाला तो दिवस आठवेना. असे कितीतरी दिवस होते.

“सावकाश, ताई,” डॉक्टर पेन धरून म्हणाले. “घाई नाही.”

ईश्वरीला वाटलं, आईला नीट ऐकू गेलं नाही. तिने पोटातून श्वास घेतला आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं.